अक्काच्या गोळ्याची तीन भोकं

गोळ्याला भोकं कुठे पाडायची, हा प्रश्न चांगल्या घरात का म्हणून शिरावा? पण अक्काच्या घरात तो शिरला, आणि असा ठाण मांडून बसला की जेवताना मीठ हवं असलं तरी आधी टेबलावरचा गोळा बाजूला सरकवावा लागे.

गोळा बोलिंगचा. काळानिळा, चकचकीत, भरल्या बादलीइतका जड, आणि अंगावर एकही भोक नसलेला. मुलाने आईच्या वाढदिवसाला आणला होता. आणताना त्याच्या मनात थोडी गंमत असावी. पण अक्काशी गंमत करणाऱ्याने आधी घरातल्या बाकीच्यांचा विचार करावा. तिने गोळा ओल्या फडक्याने पुसला, कोरड्या फडक्याने पुसला, दिव्याखाली फिरवून पाहिला आणि विचारलं, "ह्यात बोटं कुठून घालायची?"

तर ती भोकं पाडून घ्यावी लागतात. ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने.

आता ह्या वयात अक्का बोलिंगकडे वळली कशी, तर ती वळली नाही, तिला नेलं. बाजारामागे बोलिंगचा हॉल निघाला. रविवारी सकाळी तिथे कुत्रं फिरकत नाही म्हणून इमारतीतल्या मंडळींना सवलत मिळाली, आणि सगळे हौसेने जाऊ लागले. अक्का पिशव्या सांभाळायला जायची. एकदा कोणीतरी "अक्का, टाका एक" म्हणालं. तिने टाकला. गोळा आधी उजवीकडे गेला, मग काही विसरल्यासारखा मागे वळला आणि टोकाला बाटल्यांसारख्या उभ्या केलेल्या दहाच्या दहा पिना आडव्या. हॉलभर टाळ्या. अक्का म्हणाली, "झालं? की अजून आहेत?"

कारण साधं होतं. जन्मभर चादरी पिळलेलं मनगट. गोळा सोडताना ते आपोआप पिळा द्यायचं, आणि गोळा फिरत जायचा. एवढंच की जन्मभर पीठ मळलेला अंगठाही त्याच हाताला होता, आणि तो हॉलच्या कुठल्याच गोळ्यात धड मावत नव्हता. एका रविवारी जो आत गेला तो बाहेर यायलाच तयार नाही. सूनबाईने साबण मिळवून आणेपर्यंत अक्काने गोळा मांडीवर घेऊन डाव्या हाताने चहा प्यायला, आणि चेहरा असा ठेवला की आपण चहा नेहमी असाच पितो. म्हणून हा वाढदिवसाचा गोळा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तळमजल्यावर हेडबाई राहत होत्या.

हेडबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा गोळासुद्धा शाळेच्या रांगेसारखा जायचा, हळू, मधोमध, इकडेतिकडे न बघता. सात पिना पाडायचा, कधी आठ. अक्काचा एकदा दहा, एकदा शून्य. अक्का चौथीत शाळा सोडून बसलेली, आणि हेडबाईंना ते ठाऊक होतं. त्या कधी बोलून दाखवत नसत, फक्त अक्काचं बोलणं दुरुस्त करत. हे बोलून दाखवण्यापेक्षा वाईट.

त्यातून दोघींमध्ये गच्चीवरची दोरी होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला दोनच दोऱ्या. एक उन्हात, एक पाण्याच्या टाकीमागे, जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेता जातं. उन्हातली दोरी कोणाची, ह्यावरून दोघींची जुनी धुसफूस. जी सकाळी आधी वर जाईल तिची, असं चालायचं, आणि त्यापायी दोन्ही घरांतली माणसं अंघोळ आटपायच्या आत अंगावरचे कपडे गमावून बसायची.

त्या सकाळी दोघी एकदमच वर पोचल्या.

"ऐकलं, गोळा आणलात," हेडबाई चिमटे हातात धरून म्हणाल्या. "छिद्रं पाडून घेतली का?"

"भोकं अजून पाडायची आहेत."

"छिद्रं. आणि एक सांगते, अक्का, राग मानू नका. एखाद्या दिवशी दहा पाडणं म्हणजे खेळ येणं नव्हे. सातत्य लागतं."

"मग लावता का?"

"काय?"

"ही दोरी. इमारतीचा बोलिंगचा वार्षिक सामना येतोय ना? जी जिंकेल तिची वर्षभर उन्हातली दोरी. हरेल ती टाकीमागे."

हेडबाईंनी चष्मा सरळ केला. "मान्य," त्या म्हणाल्या. "मात्र मागाहून तक्रार चालणार नाही."

अक्का खाली आली तेव्हा ओल्या कपड्यांची बादली तशीच वर राहिली होती, आणि गोळ्याला भोकं पाडणं हा घराच्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मागच्या बाजूला एक माणूस मशीन घेऊन बसायचा. त्याच्या कामाला काहीतरी लांबलचक नाव होतं. अक्काने पहिल्याच भेटीत त्याला भोकवाला करून टाकलं आणि त्यानेही मानून घेतलं. त्याने अक्काचा पंजा मापला, अंगठा मापला, अंगठ्याकडे आदराने पाहिलं. मग गोळ्यावरचा एक लाल ठिपका दाखवला.

"काकू, गोळ्याच्या पोटात एक वजन असतं. ते कुठे आहे, हे ह्या ठिपक्यावरून कळतं. भोकं ठिपक्यापासून कुठे पाडतो त्यावर गोळा कधी वळणार आणि किती वळणार ते ठरतं. ह्यालाच लेआउट म्हणतात. एक लेआउट तापट, लवकर वळतो, जोरात वळतो. दुसरा शांत, शेवटी जरासा वळतो."

"माझ्या घरात शांत कोणी नाही. तापट पाडा."

"तसं नाही. लेनवर तेल किती, ते आधी सांगा."

"कशावर?"

"लेनवर. लाकडी पट्टी असते ना गोळा टाकायची, तिच्यावर तेल घालतात. तेलावरून गोळा घसरतो, कोरड्यावर पकड घेतो आणि वळतो. तेल भरपूर असेल तर तापट लेआउट हवा, नाहीतर गोळा वळणारच नाही. तेल कमी असेल तर शांत हवा. कोरड्या लेनवर तापट गोळा म्हणजे सरळ कडेच्या गटरात."

माणसं जमिनीवर मुद्दाम तेल घालतात, हे पचायला तिला वेळ हवा होता. तिच्या घरात एकच कायदा होता आणि तो तिने सगळ्यांकडून घोटवून घेतला होता. जमिनीवर तेल दिसलं की आधी पुसायचं, मग विचारायचं. कोणी सांडलं, कधी सांडलं, का सांडलं, ह्या चौकशा नंतर. आधी फडकं. हा कायदा लहानांना होता, पाहुण्यांना होता आणि आबांना तर होताच. आबा म्हणजे अक्काचे यजमान. स्वभावाने इतके गरीब की हा एक कायदा सोडला तर आयुष्यात त्यांनी आपणहून काही केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"आणि एकदा पाडलं की पाडलं, काकू," भोकवाला म्हणाला. "बुजवून पुन्हा पाडता येतं, पण बुजवलेलं दिसतं."

बुजवलेलं भोक हेडबाईंच्या नजरेतून सुटणार नव्हतं. अक्काने गोळा उचलला आणि विचार करायला घरी आणला.

इथे इमारतीला सुगावा लागला. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर शेजारी दोन सल्ले देतात, पण गोळा आजारी पडला तर सगळी इमारत लोटते. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर साहेब कंपास घेऊन आले. त्यांनी गोळ्यावर खडूने इतक्या रेघा मारल्या की तो शाळेतल्या पृथ्वीगोलासारखा दिसू लागला, आणि अक्काला समजावं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला एक बटाटा घेऊन त्याला तीन भोकं पाडली.

"ही तापट मांडणी," म्हणाले. मग दुसरा बटाटा. "ही शांत. आता दोन्ही जमिनीवरून सोडू."

दोन्ही बटाटे फ्रिजखाली गेले.

"म्हणजे दोन्ही सारख्याच," अक्का म्हणाली.

"बटाट्याचा आकार विषम आहे. अजून एक द्या."

तो आठवडा घरात सगळ्यांनी तीन भोकांच्या बटाट्यांची भाजी खाल्ली. सूनबाईने एकदाच म्हणून पाहिलं, "आई, दोरीचंच आहे तर आपण कपडे वाळवायचं मशीन घेतलं तर?"

अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की सूनबाई भोकाचा बटाटा सोलायला घेऊन गुपचूप बाल्कनीत गेली.

शेवटी अक्काने ठरवलं की बटाटे पुरे, सामन्याच्या दिवशी तेल किती असणार ते हॉलवरच विचारायचं. आबांना पिशवी धरायला बरोबर घेतलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "लेनच्या तेलाची माहिती फक्त सभासदांना मिळते."

"मग करा सभासद."

"स्वतःचा गोळा आहे?"

"हा काय." आबांनी पिशवी उघडून दाखवली.

मुलीने वाकून पाहिलं. "ह्याला भोकं नाहीत."

"भोकं पाडायची आहेत म्हणूनच तेल विचारतेय."

"बिनभोकाचा गोळा आम्ही धरत नाही. भोकं पाडून आणा, मग सभासद व्हा, मग तेल सांगते."

"अगं बाई, तेल कळल्याशिवाय भोकं कशी पाडू?"

"ते मला माहीत नाही. पण गोळा चालणार नाही."

अक्काने समजावलं, सुनावलं, मॅनेजरला बोलव म्हणाली. मॅनेजर मीटिंगमध्ये होता. काचेतून तो पाव खाताना दिसत होता, पण मीटिंगमध्ये होता. तेव्हा अक्काने पिशवी आबांच्या हातात दिली, चपला काढल्या आणि सरळ तीन नंबरच्या लेनकडे निघाली, कारण सामना तिथेच होणार होता. ज्या काळ्या रेघेपुढे पाय टाकायचा नसतो तिच्यापुढे तिने पाय टाकला. बझर वाजू लागला. अक्का वाकली, लेनवर बोट फिरवलं, बोटाला बोट चोळलं, वास घेतला.

"ओतलंय मेल्यांनी," ती वळून म्हणाली, आणि त्याच क्षणी बसली.

लोकांनी मागाहून ती पडली असं सांगितलं. ते खोटं आहे. पडलेलं माणूस ओरडतं. अक्का न ओरडता, पाठ ताठ ठेवून, लेनच्या मधोमध बसली, आणि बसल्या बसल्याच हातभर पुढे सरकली. आबा मात्र पांढरेफटक पडले. त्यांनी गोळा खाली ठेवला, धावले, आणि हॉलच्या मेकॅनिकच्या मदतीने तिला उठवलं.

"लागलं का गं?"

"लागायला काय झालंय? तेल तपासत होते." मग मेकॅनिककडे वळून, "सामन्याच्या दिवशी एवढंच असतं का हो?"

"ह्याहून जास्त, आजी. सकाळी ताजं घालणार. मॅनेजरने तेल घालायचं नवं मशीन घेतलंय ना."

काउंटरने जे दिलं नाही ते असं मिळालं. घरी जाताना अक्का खुशीत होती, आणि आबा एक शब्द बोलले नाहीत. ते तसेही बोलत नसत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

भोकवाल्याने तापट लेआउट पाडला. अंगठा भोकात असा बसला की जणू तिथेच वाढला होता. अक्काने सरावाला दोन रविवार घेतले. तेलावरून गोळा लांब घसरत जायचा आणि अगदी वेळेवर वळून पिनांच्या कुशीत शिरायचा. हेडबाई लांबून बघत आणि चष्मा पुसत. इमारतीत आता अक्का जिन्याच्या मधून चालू लागली होती.

सामन्याचा दिवस उजाडला. सगळी इमारत हॉलवर. भोकवालासुद्धा आपलं काम बघायला आला. आबा घरात सगळ्यांच्या आधी उठून कुठेतरी गेले होते. हॉलवर पोचल्यावर ते मागच्या बाकावर दिसले, मांडीवर पिशवी, आणि चेहऱ्यावर एक असं समाधान की अक्काला वाटलं, बाहेर नाश्ता करून आले असणार.

हेडबाईंनी पहिला गोळा टाकला. सात.

अक्का उठली. मनगट फिरवलं, गोळा सोडला. गोळा उजवीकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेतच कोणी हाक मारल्यासारखा डावीकडे वळला, वळतच राहिला आणि धाडकन गटरात गेला.

"होतं असं," कोणीतरी म्हणालं.

दुसरा. पुन्हा गटर. पुढच्या पाळीत पुन्हा. पिना तशाच उभ्या, एकमेकींकडे बघत. इंजिनिअर साहेब ओरडले, "कोन बदला, अक्का, कोन!" इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "श्वास सोडा." कोणी म्हणालं डोळे मिटा. अक्काचे कान तापले. भोकवाला तेवढ्यात काळ्या रेघेशी गुडघे टेकून लेनकडे तिरका बघत होता. तो डोक्याला हात लावून उठला आणि अक्काच्या कानाशी आला.

"काकू, लेन ठणठणीत कोरडी आहे. तेलाचा थेंब नाही. असं होऊच शकत नाही!"

अक्काने वळून पाहिलं. मागच्या बाकावर आबा. मांडीवर पिशवी. पिशवीतून बाहेर आलेलं निळ्या चौकटींच्या फडक्याचं टोक. ते फडकं तिने स्वतः जुन्या चादरीचं फाडून केलं होतं. जगात तसं दुसरं नव्हतं.

ती सावकाश त्यांच्यापाशी गेली.

"अहो. हे फडकं इथे काय करतंय?"

"पुसलं," आबा हळूच म्हणाले. "तू त्या दिवशी घसरलीस ना. सकाळी आलो तर मेल्यांनी पुन्हा ओतलेलं. आणखीच. मग आधी साबणाचं फिरवलं, नंतर कोरडं. पार टोकापर्यंत. मध्ये बझर वाजत होता, पण म्हटलं असेल कसला."

"कोणी अडवलं नाही तुम्हाला?"

"मॅनेजर येऊन गेला. म्हणाला, तो कोपरा राहिला. तोही पुसला."

अक्काने तोंड उघडलं. आत पुष्कळ काही तयार होतं. पण त्या सगळ्याच्या वाटेत तिचाच कायदा आडवा बसला होता. आधी पुसायचं, मग विचारायचं. माणसाने जन्मभरात एक गोष्ट आपणहून केली, ती तिच्याच शिकवणीने, आणि तिच्याच पायासाठी. तिने तोंड मिटलं.

"काय झालं, अक्का?" मागून हेडबाईंचा आवाज. "छिद्रं चुकली वाटतं."

सेक्रेटरी पुढे आले. "अक्का, लेनमध्ये काही घोटाळा असेल तर सांगा. हे भोकवाले काहीतरी म्हणतायत. सामना पुढच्या रविवारी घेऊ, त्यात काय."

एक वाक्य पुरे होतं. आमच्या ह्यांनी लेन पुसली. सामना नवा, तेल नवं, दोरी हातात. आणि मग हे वाक्य जिन्यात, गच्चीवर, प्रत्येक समारंभात आबांच्या मागे फिरणार. आबा, आमची पण लादी राहिलीय हो. आबा, कोपरा राहिला. आबा हसून घेणार, कारण त्यांना दुसरं येत नव्हतं.

आबांनी फडक्याचं टोक पिशवीत ढकललं. त्यांना आता कुठे काहीतरी उमगू लागलं होतं.

"लेनला काही झालेलं नाही," अक्का खणखणीत आवाजात म्हणाली. "भोकं मीच चुकीच्या जागी पाडून घेतली. चूक माझी. खेळा पुढे."

इमारतीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अक्काच्या तोंडून 'चूक माझी' कोणी ऐकलं नव्हतं. सूनबाईच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. भोकवाल्याने काही बोलायला तोंड उघडलं, अक्काने डोळे वटारले, त्याने मिटलं.

मग अक्का लेनशी आली. पार डाव्या कडेला जाऊन उभी राहिली आणि गोळा उजव्या गटराच्या दिशेने असा भिरकावला की पाहणाऱ्यांनी आधीच "अरेरे" म्हणून घेतलं. गोळा गटराच्या काठाकाठाने गेला, पडतो पडतो असं झालं, आणि मग घर आठवल्यासारखा वळला. नऊ. पुढच्या वेळी आणखी बाहेर. दहा! इंजिनिअर साहेब "मी कोनच म्हणत होतो" म्हणत नाचले. शेवटच्या फेकीला सगळा हॉल उभा होता, आणि पुन्हा दहा.

पण आधीची गटरं भरून निघाली नाहीत. हेडबाई सात-सात करत पुढेच राहिल्या. थोड्याच पुढे, पण पुढे.

"खेळलात छान," हेडबाई हात पुढे करून म्हणाल्या. मग जरा थांबून, "भोकं काही वाईट नाहीत हो."

घरी येताना अर्ध्या वाटेत आबा म्हणाले, "पुसायची नव्हती का गं?"

"कसली छान पुसली होतीत," अक्का म्हणाली. "एक डाग नव्हता. द्या ती पिशवी इकडे, जड झाली असेल."

ते वर्ष घरातल्यांनी दमट कपड्यांत काढलं. टाकीमागच्या दोरीवर निळ्या चौकटींचं फडकं सगळ्यात पुढे लटकायचं. अक्काने एकदाही कुरकुर केली नाही, ह्यानेच घरातले जास्त घाबरले.

पुढचा सामना जवळ आला तशी अक्का आबांना घेऊन भोकवाल्याकडे गेली आणि गोळा त्याच्यापुढे ठेवला.

"बुजवा आणि नवी भोकं पाडा. शांत लेआउट. कोरड्या लेनचा."

"पण बुजवलेलं दिसेल, काकू."

"दिसू दे."

"आणि कोरडी लेन कुठून येणार? मॅनेजर म्हणतोय, ह्या वर्षी तेल दुप्पट घालणार. तुम्ही पक्कं सांगा, नाहीतर गोळा वळायचाच नाही."

अक्काने मशीनच्या पलीकडे पाहिलं. मशीनमधून तेलाचे चार थेंब जमिनीवर गळले होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. आबा खाली वाकले होते, पिशवीतून निळ्या चौकटींचं फडकं निघालं होतं, आणि ते कोपऱ्यापर्यंत पुसत चालले होते.

"घालू दे त्याला हवं तेवढं तेल," अक्का म्हणाली. "लेन कोरडीच असेल. तुम्ही पाडा भोकं."